कल चाचण्यांचाच कल तपासला

आधी निकालच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. ओ-नेट इंटरेस्ट प्रोफाइलर ही आवडींची चाचणी फुकट आहे, ती जरूर सोडवा. त्याच घरातली मूल्यांची चाचणी, जी कात्रीने पत्ते कापून करावी लागते, ती तर चुकवूच नका. चार अक्षरांत माणूस बसवणाऱ्या चाचण्या गप्पांसाठी ठीक, करिअर ठरवायला नकोत. आणि पैसे भरून जाडजूड रिपोर्ट घ्यायचा विचार असेल तर त्याबद्दल खाली लिहिलंय, ते वाचून मग काय ते करा.

मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात "पुढे काय?" असं विचारलं की निम्म्याहून जास्त मुलं "डेटा सायन्स" म्हणतात, आणि "म्हणजे रोज उठून नक्की काय करणार?" असं विचारलं की विषय बदलतात. एखाद्या चाचणीने मला "तू अमुक हो" असं सांगावं अशी माझी अपेक्षा नव्हती. हे दोन शब्द माझ्या तोंडी माझ्या आवडीने आलेत की शेजारच्या बाकावरून, एवढंच बघायचं होतं. म्हणून सुट्टीत हाताला लागतील त्या चाचण्या सोडवल्या, आणि विषयच तसा असल्यामुळे त्यांचे गुण कसे काढतात तेही खोदून पाहिलं.

सुरुवात ओ-नेटपासून केली. ही अमेरिकेच्या कामगार खात्याची चाचणी. खातं उघडावं लागत नाही, फोन नंबर द्यावा लागत नाही, त्यामुळे मागाहून कुणी "मॅडम, तुमच्या भविष्याबद्दल बोलायचं होतं" म्हणून पिच्छा पुरवत नाही. 60 वाक्यं असतात. 30 वाक्यांची आटोपशीर आवृत्तीही आहे, पण करायचीच तर 60 ची करा. प्रत्येक वाक्य म्हणजे एक काम: विटा किंवा फरशा बसवणं, नवं औषध तयार करणं, वाद्य वाजवणं, एखाद्याला व्यायाम शिकवणं, शेअर आणि रोख्यांची खरेदी-विक्री, नोंदी किंवा फॉर्म वाचून त्यातल्या चुका काढणं. प्रत्येकापुढे पाच पर्याय, "मुळीच आवडणार नाही" पासून "खूप आवडेल" पर्यंत, मधे "सांगता येत नाही".

सुरुवातीलाच एक सूचना दिलेली असते: हे काम करायला लागणारं शिक्षण आपल्याकडे आहे का, त्यात पैसे किती मिळतील, याचा विचार करू नका, फक्त काम आवडेल की नाही तेवढंच बघा. वाचायला सोपी आणि पाळायला महाकठीण सूचना. कारण "नवं औषध तयार करणं" वाचलं की बोट आपोआप "खूप आवडेल" कडे जातं. कुणाला नाही आवडणार? पण मग मी थांबले. मला औषध शोधायला आवडेल, की शोधलेलं असायला आवडेल? यातलं दुसरं सगळ्यांनाच आवडतं. पहिल्यात मात्र वर्षानुवर्षं तेच प्रयोग, तीच भांडी, बहुतेक वेळा नकारार्थी निकाल. तेव्हापासून मी एक युक्ती केली. प्रत्येक काम मंगळवारी दुपारी तीन वाजता करतेय असं समजायचं. बक्षीस समारंभ नाही, टाळ्या नाहीत, कुणी बघत नाहीये. त्या कसोटीवर औषध "खूप" वरून "सांगता येत नाही" वर घसरलं. आणि फॉर्म वाचून चुका काढणं? मंगळवारी दुपारी तीनला मला ते काम मनापासून आवडेल. हे कबूल करायला थोडी लाज वाटली, कारण चुका काढायला आवडतं असं कुणी मुलाखतीत सांगत नाही. पण स्क्रीनपुढे आपण एकटेच असतो, तिथे कशाला मोठेपणा.

या वाक्यांमागे मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना त्यांच्या लक्षात आलं की माणसांच्या कामाच्या आवडी मोजक्याच प्रकारांत मोडतात. पुढे 1959 साली त्यांनी सिद्धांत मांडला. त्यातले सहा प्रकार असे: हाताने आणि यंत्रांशी काम करणारे रिअलिस्टिक, शोधक वृत्तीचे इन्व्हेस्टिगेटिव्ह, नवनिर्मितीत रमणारे आर्टिस्टिक, माणसांना मदत करणारे सोशल, पटवून देणारे आणि पुढाकार घेणारे एंटरप्रायझिंग, आणि नियम-नोंदी-व्यवस्था सांभाळणारे कन्व्हेन्शनल. हे सहा एका षटकोनावर याच क्रमाने मांडतात. शेजारचे प्रकार एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे सगळ्यात लांबचे.

60 वाक्यांत प्रत्येक प्रकाराची 10, आणि प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण. म्हणजे एका प्रकारात जास्तीत जास्त 40. माझे आले ते असे: इन्व्हेस्टिगेटिव्ह 31, कन्व्हेन्शनल 29, आर्टिस्टिक 26, सोशल 22, रिअलिस्टिक 11 आणि एंटरप्रायझिंग 7. हा शेवटचा आकडा बघून दादा म्हणाला, "तुझ्याकडून कुणी भर पावसात छत्रीसुद्धा विकत घेणार नाही, त्याला चाचणी कशाला हवी होती?" खरं तर दादाचं बरोबर नाही. ही चाचणी आवड मोजते, जमतं की नाही ते मोजत नाही. एखाद्याला विकणं उत्तम जमत असेल आणि तरी मनापासून नकोसं वाटत असेल, तर त्याचाही आकडा 7 च येईल. उलट, गाण्याची हौस आहे पण सूर लागत नाही अशा माणसाला ही चाचणी खुशाल संगीताकडे पाठवेल. हे डोक्यात ठेवूनच निकाल वाचायचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती. षटकोनावर आर्टिस्टिक आणि कन्व्हेन्शनल बरोबर समोरासमोर येतात. माझे 26 आणि 29, दोन्ही जवळपास सारखे. म्हणजे सिद्धांताच्या हिशेबाने मी एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांना तोंड करून उभी. बहुतेक लोक इथे "चाचणीच बोगस आहे" म्हणून उठतात. मी बेरीज सोडून वाक्यं बघितली. आर्टिस्टिकच्या 10 पैकी पुस्तक किंवा नाटक लिहिणं, पटकथा लिहिणं, चित्र काढणं, फिल्म एडिट करणं आणि सिनेमासाठी स्पेशल इफेक्ट्स करणं या पाचांना मी चारपैकी चार दिले होते. नाटकाचे पडदे-सेट रंगवायला 3. वाद्य वाजवायला 2, संगीतरचनेला 1. बँडमधे गाणं आणि नाच करणं, दोन्हींना सपशेल शून्य. बेरीज 26, पण या 26 च्या आत दोन वेगळ्या मुली बसल्यात. एक टेबलाशी बसून शब्द आणि चित्रं नीट लावत राहणारी, दुसरी स्टेजवर जायचं म्हटलं की पळून जाणारी. आणि ती टेबलाशी बसणारी मुलगी कन्व्हेन्शनलवाल्या मुलीची सख्खी बहीण आहे. विरोध कुठे आहे यात?

संख्याशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात की सरासरी सांगताना विखुरणं किती आहे तेही सांगा. चाचणी बेरीज सांगते, विखुरणं सांगत नाही. ते आपलं आपण बघायचं. निकालाच्या पानावर सहा बेरजाच येतात, त्यामुळे सोडवतानाच वही जवळ ठेवा. दोनच प्रकारची वाक्यं लिहून घ्यायची: ज्यांना काहीही विचार न करता टोकाचं उत्तर दिलं ती, आणि ज्यांच्यावर बराच वेळ अडखळलात ती. माझ्या अडखळलेल्या यादीत "शाळेतल्या वरच्या वर्गाला शिकवणं" होतं. शेवटी "खूप आवडेल" दिलं. पण "ग्रुप थेरपी घ्यायला मदत करणं" याला "आवडणार नाही". दोन्ही सोशलच्याच खात्यात जमा. म्हणजे समजावून सांगायला आवडतं, मनातलं ऐकून घ्यायला नाही. सोशल 22 या आकड्यावरून हे कुणाला कळलं असतं?

गुण आले की पुढचा टप्पा तयारीचा. किती शिक्षण-प्रशिक्षण लागेल याचे पाच स्तर असतात, त्यातला एक निवडायचा, मग कामांची यादी समोर येते. माझ्या यादीत बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणारा, होता, ते अपेक्षितच. सर्व्हे रिसर्चर, जुने दस्तऐवज सांभाळणारा आर्काइव्हिस्ट, टेक्निकल रायटर हीही नावं होती, आणि त्यांचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. यादी बघून "हे काय भलतंच" म्हणून खिडकी बंद करू नका, कारण खरा माल पुढे आहे. नावावर टिचकी मारली की त्या कामाचं पान उघडतं. ओ-नेटच्या साठ्यात 900 हून जास्त व्यवसाय आहेत, आणि प्रत्येकाचं असं पान आहे: रोज कोणती कामं करावी लागतात, कोणती सॉफ्टवेअर लागतात, कोणती कौशल्यं.

तिथून ओ-नेट ऑनलाइनवरच्या सविस्तर पानावर गेलं की "वर्क कॉन्टेक्स्ट" नावाचा भाग आहे, तो मला सगळ्यात आवडला. किती वेळ बसून काम, फोनवर किती वेळा बोलावं लागतं, अचूक असणं किती गरजेचं, कामाचा वेग कोण ठरवतं, चिडलेल्या लोकांशी किती वेळा गाठ पडते. या प्रश्नांची उत्तरं त्या त्या व्यवसायातल्या लोकांकडून आणि जाणकारांकडून घेतलेली असतात, आणि किती टक्के लोकांनी "रोज" म्हटलं, किती टक्क्यांनी "आठवड्यातून एकदा" म्हटलं, तेही दिसतं. कंपनीच्या जाहिरातीत "डायनॅमिक वातावरण" असं लिहितात. इथे "चिडलेली माणसं, किती वेळा" असं सरळ विचारलेलं असतं. मी एकेक संध्याकाळ एकेका कामाला दिली. डेटा सायंटिस्टचं पान आणि सर्व्हे रिसर्चरचं पान शेजारी शेजारी उघडून वाचली तेव्हा लक्षात आलं की मला ज्यात रस आहे तो आकडे येण्याआधीचा भाग. प्रश्न कसा विचारायचा, कुणाला विचारायचा, शब्द बदलला तर उत्तर किती बदलतं. आकडे आल्यानंतरची मॉडेलं मला जमतात, पण तिथे माझा जीव रमत नाही.

त्रुटी आहेतच. पगार डॉलरमधे, मागणीचे अंदाज अमेरिकेचे, परवाने-परीक्षांचे नियम तिकडचे. तुम्ही तिथे नसाल तर ते रकाने सरळ ओलांडून जा, कामाचं वर्णन तेवढं घ्या. दुसरं, वाक्यांमधली काही कामं वाचून वाटतं की ही यादी करणाऱ्याने बऱ्याच वर्षांत ऑफिस बदललेलं नाही. त्याने फारसं बिघडत नाही.

आवडींचीच आणखी एक जुनी आणि नावाजलेली चाचणी म्हणजे स्ट्राँग इंटरेस्ट इन्व्हेंटरी. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्ट्राँग यांनी ती 1927 मधे आणली. ही फुकट नाही, आणि प्रशिक्षित समुपदेशकामार्फतच मिळते. माझ्या कॉलेजच्या करिअर सेलमुळे मला ती करता आली. 291 प्रश्न, म्हणजे चिकाटी लागते. पण तिच्यामागची कल्पना वाचून मी थक्क झाले. "हिशेबनिसाला काय आवडायला हवं" असं तर्काने ठरवायचंच नाही. आपल्या कामात समाधानी असलेल्या हिशेबनिसांना खरंच काय काय आवडतं ते विचारायचं, सर्वसाधारण लोकांपेक्षा ते कुठे वेगळे पडतात ते बघायचं, आणि मग तुमची उत्तरं त्यांच्याशी किती जुळतात ते मोजायचं. मग ती आवड हिशेबाशी संबंधित असो वा नसो. कॉलेजकडून मिळत असेल आणि निकालावर बोलायला समुपदेशक बसणार असेल तर अवश्य करा. स्वतःचे पैसे घालायचे असतील तर आधी ओ-नेट पुरतं का ते बघा. माझ्या बाबतीत दोन्हींचा सूर एकच निघाला.

चार अक्षरांच्या चाचण्यांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या कल्पनांवरून एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) तयार केली. चार जोड्या, प्रत्येकीतलं एक अक्षर, एकूण 16 प्रकार. माझी अडचण गणिताची आहे. अंतर्मुख-बहिर्मुख ही गोष्ट उंचीसारखी सलग असते आणि बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. नेमकं तिथेच, मधोमध, सुरी चालवून डावीकडचे हे आणि उजवीकडचे ते असं म्हटलं, तर सगळ्यात जास्त माणसं त्या सुरीच्या आसपासच सापडणार. एखादं उत्तर बदललं की अक्षर बदललं. अशीच नक्कल करणाऱ्या एका फुकट साइटवर माझं शेवटचं अक्षर सकाळी एक होतं आणि संध्याकाळी दुसरं. त्या प्रत्येक अक्षराखाली "तुमच्यासाठी योग्य करिअर" अशी वेगळी यादीही होती. सकाळी मी वकील, संध्याकाळी कवी. एमबीटीआय छापणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडताना ही वापरू नका. एवढं पुरे.

मैत्रिणीच्या आग्रहाने सामर्थ्यांच्या चाचण्याही केल्या. व्हीआयए फुकट आहे. ती क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांच्या 2004 मधल्या वर्गीकरणावर उभी आहे, आणि जिज्ञासा, दयाळूपणा, विनोदबुद्धी, सावधपणा अशी 24 सामर्थ्यं तुमच्या बाबतीत कोणत्या क्रमाने येतात ते सांगते. क्लिफ्टनस्ट्रेंथ्स ही गॅलप या कंपनीची, पैसे भरून करायची. 177 जोड्या, आणि प्रत्येक जोडीला फक्त 20 सेकंद, म्हणजे विचार करून छान दिसायला वावच नाही. ते मला पटलं. वर्गात मात्र या दोन्हींचे निकाल फार चुकीच्या पद्धतीने मिरवले जातात. "माझं नेतृत्व पहिल्या नंबरवर, तुझं अकराव्या, म्हणजे मीच लीडर." अरे बाबांनो, हा क्रम तुमच्या तुमच्यातला आहे! तिचं अकरावं सामर्थ्य तुझ्या पहिल्यापेक्षा भक्कम असू शकतं. एका घरातलं सगळ्यात उंच मूल दुसऱ्या घरातल्या सगळ्यात बुटक्यापेक्षाही बुटकं असू शकतं, तसं. बायोडेटात लिहायला शब्द सापडत नसतील तर या चाचण्या उपयोगी पडतात. कोणतं काम करावं हे ठरवायला फारशा नाहीत, आणि व्हीआयए तर तसा दावाही करत नाही.

आता पैसे भरून मिळणारा रिपोर्ट. नाव घेत नाही. ऑनलाइन प्रश्नावली, नंतर रंगीत तक्ते, गोल आलेख आणि पानंच्या पानं मजकूर. "तुम्ही वरून शांत दिसत असलात तरी आतून अनेकदा शंका घेता." "तुम्हाला स्वातंत्र्य आवडतं, पण योग्य मार्गदर्शन मिळालं तर तुम्ही अधिक फुलता." वाचताना छाती फुगली, हे खरं. मग आठवलं की मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी देऊन प्रत्येकाला "तुमचं व्यक्तिचित्र" म्हणून एक कागद दिला होता, आणि ते किती जुळतं याला 0 ते 5 मधे गुण द्यायला सांगितले होते. सरासरी 4.26 आली. सगळ्यांना एकच कागद दिलेला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं त्यांनी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती.

मग तेच करून बघितलं. रिपोर्टवरचं माझं नाव झाकलं आणि मैत्रिणीला वाचायला दिला. ती माझ्या अगदी उलट स्वभावाची. बाजारात एकटी गेली तरी येताना तिच्यासोबत चार नव्या ओळखी येतात.

"अगं, हे भारी आहे. अगदी मीच!"

"कुठलं वाक्य जास्त पटलं?"

"ते शांत दिसण्याचं."

मी काही बोलले नाही. ती शांत दिसते असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही. तुम्हीही कुठलाही रिपोर्ट विकत घेण्याआधी त्याचा नमुना मागा आणि दोन-तीन वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांना वाचायला द्या. सगळ्यांना "अगदी मीच" वाटलं तर पैसे खिशातच ठेवा. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारेही भेटतात. तिथे एवढेही कष्ट घेऊ नका, ठशांचा आणि बुद्धीच्या किंवा कामाच्या कलाचा असा संबंध विज्ञानाने दाखवलेला नाही.

शेवटी ती पत्त्यांची चाचणी. वर्क इम्पॉर्टन्स लोकेटर, ओ-नेटचीच, पीडीएफ फुकट उतरवता येते. दिसायला इतकी साधी की कुणी तिच्याकडे बघतही नाही. 20 पत्ते छापायचे आणि कापायचे. प्रत्येकावर "माझ्या आदर्श कामात हे महत्त्वाचं" या अर्थाचं एक वाक्य: माझ्या क्षमतांचा वापर होईल, नोकरी स्थिर असेल, एकट्याने काम करता येईल, रोज काहीतरी वेगळं करता येईल, पगार इतरांच्या तुलनेत चांगला असेल, कंपनी न्यायाने वागवेल, माझ्या कामाची दखल घेतली जाईल. मग पाच रकाने, सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात कमी महत्त्वाचं. आणि अट अशी की प्रत्येक रकान्यात बरोबर चारच पत्ते.

ही अट जीव घेते. आवडींच्या चाचणीत सगळ्याच गोष्टींना "खूप आवडेल" म्हणायची सोय होती. इथे पाचवा पत्ता ठेवायचा तर आधीच्या चारांतला एक उचलावा लागतो. मी फरशीवर बसून पत्ते मांडले, आणि "पगार चांगला असेल" व "एकट्याने काम करता येईल" हे दोन पत्ते हातात धरून बराच वेळ तशीच बसले. वरच्या रकान्यात जागा एकच. पगाराचा पत्ता खाली ठेवला की वाटे आपण उगाच साधू बनतोय, वर ठेवला की वाटे एकांत गेला. दादा दारातून बघत होता. म्हणाला, "दे इकडे, मी लावतो माझे."

तो गेली काही वर्षं एका ऑफिसात काम करतो. त्याने दोन मिनिटांत पत्ते लावले. नोकरीची स्थिरता वर, न्यायाने वागवणं वर, बरोबरचे लोक चांगले असणं वर, आणि वरिष्ठ आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहतात हेही वर. "रोज काहीतरी वेगळं" सगळ्यात खाली. मी म्हटलं, "तुला कंटाळा येत नाही तेच ते करून?" तो म्हणाला, "कंटाळा येतो की. पण साहेब ओरडला नाही तर कंटाळा परवडतो." वरिष्ठ पाठीशी असण्याचा पत्ता माझ्याकडे तिसऱ्या रकान्यात पडला होता. माझ्यावर अजून कुठला साहेब ओरडलेला नाही, एवढंच त्याचं कारण. मी तो पत्ता हलवला नाही, ती उत्तरं माझी आहेत. पण त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. कॉलेजात असताना मूल्यांची चाचणी देताना हा घोळ होणारच. काही पत्त्यांवरचं आपल्याला ऐकूनच माहीत असतं. म्हणून ही चाचणी नोकरी करणाऱ्या एखाद्या जवळच्या माणसाबरोबर बसून करा, आणि कुठला पत्ता कुठे गेला यापेक्षा तो तिथे का ठेवला ते विचारा.

गुण मोजल्यावर सहा मूल्यांचा क्रम मिळतो: यश, स्वायत्तता, मान्यता, नातेसंबंध, पाठबळ, कामाची परिस्थिती. माझ्याकडे यश आणि स्वायत्तता वर, मान्यता तळाला. स्टेजला शून्य देणाऱ्या मुलीची मान्यता तळाला जाणार हे ओघानेच आलं. दोन वेगळ्या चाचण्या, दोन वेगळ्या पद्धती, आणि बोट एकाच जागी, हे मला कुठल्याही एका रिपोर्टपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

सर्व्हेचं काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीला मी नंतर फोन केला. "ताई, तुमच्या कामाचं पान वाचलंय, त्यातलं खोटं काय आहे ते सांगा," असंच विचारलं. त्या हसल्या. पान बरोबर आहे म्हणाल्या, फक्त प्रश्नावली लिहिण्याचा भाग वाचताना वाटतो त्यापेक्षा थोडा असतो, आणि ज्यांनी उत्तरं दिली नाहीत त्यांच्यामागे लागण्याचा भाग फार मोठा. म्हणजे लोकांना पटवणं. म्हणजे माझा तो एंटरप्रायझिंगचा 7. त्या म्हणाल्या, मोठ्या संस्थांमधे ते काम वेगळी माणसं करतात, छोट्या जागी सगळं एकानेच करायचं. हे ओ-नेटच्या पानावर नव्हतं, आणि असा प्रश्न विचारायला मला त्या पानानेच शिकवलं. शेवटच्या सत्राचा प्रकल्प मी आता मॉडेलांवर न करता प्रश्नावलीच्या शब्दरचनेवर घेतलाय. वर्गातल्या पोरांकडून उत्तरं मिळवता मिळवता कळेलच की मला लोकांच्या मागे लागायला किती नकोसं वाटतं.

करणार असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी कुठलीही चाचणी सोडवू नका, चांगला लागला असला तरी. आणि ओ-नेटची वाक्यं इंग्रजीत आहेत, स्पॅनिश आवृत्तीही आहे, मराठी नाही. इंग्रजीने अडत असेल तर एखाद्या मित्राला शेजारी बसवून वाक्यं मोठ्याने मराठीत सांगायला लावा, पण उत्तर नोंदवताना स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या. नाहीतर "नवं औषध तयार करणं" याला तुम्ही सगळ्यांच्या देखत "नाही" म्हणणार नाही.